अंगडं-टोपडं: हातच्या सुताचं, चार रंगांत (प्रकल्प नोंदी, फोंडा)

८ जून २०२५

माप सहा महिन्यांच्या बाळाचं. डोकं ४३ सेंटीमीटर, छाती ४४. चवथ (गणेशचतुर्थी) २७ ऑगस्टला आहे, त्याआधी धुऊन-वाळवून तयार हवं. पावसाळ्यात वाळवायलाच किती दिवस जातात ते धरूनच तारखा आखल्या आहेत.

सूत कापसाचंच. गोव्यात बाळाला लोकरीची गरज नाही. शिवाय लोकर कापसापेक्षा दुपटीच्या आसपास ओलावा धरून ठेवते आणि जुलैत कपाटातच कुबट होते.

सुताचा अंदाज: चौपदरी बारीक सुताला १०० चौरस सेंटीमीटर विणीमागे १२ ते १३ मीटर लागतात. अंगडं साधारण १,५५० चौ. सेंमी., टोपडं ५२०, काठ-पट्ट्या १५०. एकूण २,२२०. म्हणजे २८० मीटर, वर १५ टक्के धरून ३२०. पीळ भरताना आणि उकळताना लांबी आटते, म्हणून एकेरी सूत १,८०० मीटर कातायचं. जाडी: १ ग्रॅमला २० मीटर. यापेक्षा बारीक कातलं तर चार पदरांनंतरही वीण विरळ पडते, जाड कातलं तर बाळाच्या अंगाला टोचते.

११ जून

विदर्भातल्या कापसाचे पेळू (कातण्यासाठी वळलेल्या नळ्या), ६० नग, प्रत्येकी दीड ग्रॅमच्या आसपास. पेळू उजेडाकडे धरून पाहिले. ज्यात गुठळी दिसली ते उकलून पुन्हा हलक्या हाताने वळले. घट्ट वळलेला पेळू ओढताना अडतो आणि मग सूत कुठे जाड, कुठे केसाएवढं येतं.

परसातल्या देवकापसाचा १५ ग्रॅम कापूसही घेतला आहे. वाती वळण्यापलीकडे त्याचं सूतही होतं हे घरोघरी विसरलं गेलंय, म्हणून मुद्दाम. पाटावर लोखंडी सळई फिरवून सरकी काढली. १५ ग्रॅमांतून रुई निघाली ५ ग्रॅम. दोन-तृतीयांश वजन सरकीचंच असतं, तेव्हा हे प्रमाण ठीक. तंतू आखूड आहे, दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर.

१५ जून

पेटी चरखा उघडला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याच्या रचनेवर काम केलं तोच हा दुहेरी चाकांचा घडीचा चरखा. पावसाळ्यात दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

पहिली, माळ (चाकाची गती चात्याला, म्हणजे कातायच्या टोकदार सळईला, देणारी दोरी). सुती माळ ओलाव्याने फुगते आणि लांबीला आटते. मार्चमध्ये बरोबर बसणारी माळ आता इतकी ताठ की मूठ जड फिरते आणि चात्याची बैठक घासते. गाठ सोडून माळ सात मिलिमीटर सैल केली. ऑक्टोबरात पुन्हा घट्ट करावी लागेल.

दुसरी, चातं. टोकापासून दोन बोटांवर गंजाचे ठिपके होते. बारीक पॉलिश कागदाने घासून मेणबत्तीचं मेण चोळलं, कपड्याने पुसलं. तेल नको. तेल सुतात उतरतं आणि तेवढ्या जागी रंग धरत नाही.

मुठीच्या एका फेऱ्यात चातं ११० वेळा फिरतं, खूण करून मोजलं. ६० सेंटीमीटरच्या ओढीला ३ फेरे दिले तर दर सेंटीमीटरला साडेपाच पीळ पडतात. विणकामाच्या सुताला एवढा पुरतो.

१८ ते २६ जून

रोज ४० मिनिटं कताई. तासाला सरासरी ३०० मीटर. नऊ दिवसांत १,८०० मीटर पुरे.

पाऊस लागून राहिला असताना कापूस उलट छान ओढला जातो. ओलावा मिळाला की कापसाचा तंतू अधिक बळकट होतो, कोरड्या हवेसारखा फिसकारत नाही. गिरण्यांत कताईखात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवतात ती याच कारणाने. गोव्याच्या पावसाळ्यात कातणाऱ्याला ती सोय फुकट मिळते. संध्याकाळी पडवीत बसून कातलेल्या लड्या सर्वांत एकसारख्या निघाल्या.

सूत तुटण्याची कारणं नोंदवली. पेळू धरलेला हात चात्याच्या टोकापेक्षा खाली गेला की सूत टोकावरून सुटत नाही, गुंडाळलं जातं आणि तुटतं. हात टोकाच्या रेषेत किंवा किंचित वर हवा. दुसरं, ओढ आधी आणि पीळ मागून झाला की सूत मधेच विरघळल्यासारखं सुटतं. मूठ आधी हलली पाहिजे, हात पाठोपाठ. तिसरं, ओढीच्या शेवटी जास्तीचा पीळ देऊन मग गुंडाळायचं राहिलं तर लडी काढताना तिथेच तुटतं.

देवकापसाला वेगळा हिशेब: ओढ ४५ सेंटीमीटरच, फेरे ३. म्हणजे सेंटीमीटरला सातच्या वर पीळ. आखूड तंतूला पकड कमी, पिळानेच ती भरून काढायची. १०० मीटर कातलं.

फाळक्याचा (लडी गुंडाळायच्या चौकटीचा) एक वेढा १ मीटरचा. शंभर वेढ्यांवर लडी तोडून वजन केलं: ४.९, ५.१, ५.०, ४.८, ५.३ ग्रॅम. पाचवी लडी जाड, ती काठासाठी बाजूला.

२९ जून

नमुने. या प्रकल्पातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम. रंगाइतका उत्साह याला कुणी दाखवत नाही आणि मग कपडा तिरका होतो.

तीन तुकडे विणले, तिन्ही ३० टाक्यांचे, एक ओळ सुलट एक ओळ उलट.

पहिला एकेरी सुताचा, दुहेरी घेऊन पण पीळ न भरता: चौकोनाचा समांतरभुज चौकोन झाला. ४० ओळींत वरचा काठ खालच्यापेक्षा दोन सेंटीमीटर बाजूला सरकला. सुतात उरलेला पीळ उलगडू पाहतो, प्रत्येक टाक्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त वळतो आणि सगळे टाके एकाच दिशेला झुकतात. धुऊन, टाचून वाळवलं तर सरळ दिसतं, पुढच्या धुण्यात पुन्हा तिरकं. त्यावर इलाज विणीत नाही, सुतातच आहे.

दुसरा दुपदरी, उलट पीळ भरपूर: तिरका, पण विरुद्ध दिशेला. वरून दोरीसारखा कडक.

तिसरा चौपदरी, उलट पीळ मूळ पिळाच्या निम्मा: सरळ. टाका गोल, भरलेला. चार पदरांत एखादा बारीक निघाला तरी बाकीचे तीन झाकून नेतात.

३ जुलै

चौपदरी पीळ भरला. १,६०० मीटर एकेरीचे चार गोळे, चार वेगळ्या वाट्यांत. करवंटीला चार भोकं पाडून प्रत्येक पदर वेगळ्या भोकातून घेतला. भोकांच्या कडा आतून घासल्या, नाहीतर धागा उसवतो. करवंटी चरख्यापासून हातभर लांब. मूठ उलट फिरवून ६० सेंटीमीटरला दीड फेरा.

चारही पदरांना ताण एकसारखा हवा. एक सैल राहिला की तो बाकीच्या तिघांभोवती नागमोडी चढतो आणि विणल्यावर तिथे बारीक फुगवटे दिसतात. सैल पडणारा नेहमी तोच गोळा होता, वाटीत अगदी तळाला गेलेला. त्याखाली ओलं कापड ठेवलं, गोळा घसरेनासा झाला.

तपासणी: मीटरभर सूत दोन्ही टोकांना धरून मध्ये सैल सोडायचं. लोंबता भाग शांत राहिला तर पीळ जुळला. स्वतःभोवती वळला तर ज्या दिशेला वळतो ती पाहून कमी-जास्त करायचं. हे ताज्या सुतावर पाहावं. दोन दिवस पडलेल्या सुताचा पीळ झोपलेला असतो, ते खोटं शांत दिसतं आणि पाण्यात गेलं की जागं होतं.

४०० मीटर व्हायला हवं होतं, ३६८ भरलं. ८ टक्के पिळात गेलं. उरलेल्या २०० मीटर एकेरीपैकी १०० मीटर देवकापसाचं, १०० विदर्भाचं. त्यांचं गंगाजमनी (दोन रंगांचे पदर एकत्र पिळलेलं) सूत करायचं आहे, म्हणून त्यातलं विदर्भाचं एकेरीच रंगवायचं.

७ जुलै

सूत उकळणं. ९० ग्रॅम सूत, ३ लिटर पाणी, धुण्याचा सोडा ५ ग्रॅम, साध्या साबणाचा कीस ३ ग्रॅम. स्टीलचं पातेलं, दीड तास मंद उकळी. लड्या चार जागी आठाच्या आकारात सैल बांधलेल्या. घट्ट बांधलं तर गाठीखाली पांढरे पट्टे राहतात.

पाणी चहासारखं झालं. कापसावरचं नैसर्गिक मेण आणि चीक तो. हे काढल्याशिवाय रंग वरच्या वर बसतो. खात्रीसाठी सुताचा तुकडा थंड पाण्यावर टाकला. लगेच बुडाला म्हणजे झालं. तरंगत राहिला असता तर पुन्हा उकळलं असतं.

पाणी पागोळ्यांचं. परिसरातल्या जांभा दगडाच्या विहिरींत लोह असतं, ते तांबडा रंग मळकट करतं. कौलांवरचं पहिल्या पावसांचं पाणी सोडून दिलं होतं, नंतरचं दुपदरी कपड्यातून गाळून भरून ठेवलं आहे.

वजनाबद्दल: जुलैत कापूस हवेतलंच पाणी पिऊन जड होतो. हवेची आर्द्रता ६५ टक्के असताना त्यात साधारण साडेआठ टक्के पाणी असतं, आता त्याहून कितीतरी जास्त. म्हणून न उकळलेली एक लडी त्याच खोलीत टांगून ठेवली आहे. दोन्ही एकाच वेळी तोलायच्या. तसं केल्यावर घट ६ टक्के निघाली. चौपदरी सूत आता ७५ ग्रॅम, ३५७ मीटर.

१० जुलै

तांबड्या आणि पिवळ्यासाठीचं सूत, गंगाजमनीच्या तांबड्या एकेरीसह ५० ग्रॅम. हिरडा पूड २० टक्के म्हणजे १० ग्रॅम, गरम पाण्यात कालवून गाळून, सूत रात्रभर बुडवून. कापसाला तुरटी एकटी धरत नाही. हिरड्यातला तुरट अंश आधी तंतूला चिकटतो आणि मग तुरटी त्याला.

सकाळी एका लडीवर सहा-सात काळपट ठिपके. कारण लगेच कळलं. चात्यावर गंज होता त्याच्या जवळची ती पहिली लडी. लोह आणि हिरडा भेटले की शाईच होते. उकळल्यानंतर हे ठिपके फिक्या तपकिरी रंगाचे असतात आणि नजरेतून सुटतात. लिंबाचा रस आणि मीठ लावून अर्धा तास ठेवायचं ते हिरड्याच्या आधी, नंतर नाही. हिरड्यानंतर लिंबाने ठिपका फिका होतो, जात नाही. ती लडी निळ्यात टाकायचं ठरलं.

दुपारी तुरटी: १० ग्रॅम तुरटी आणि दीड ग्रॅम सोडा वेगवेगळ्या गरम पाण्यात विरघळवून एकत्र केले. फेस येतो, भांडं मोठं घ्यावं. कोमट पाण्यात सूत दोन तास, मग पिळून, न धुता सावलीत.

१४ जुलै

तांबडा. मंजिष्ठ पूड सुताच्या वजनाएवढी, ३५ ग्रॅम, रात्रभर भिजवलेली. पागोळ्यांच्या पाण्यात चुना अजिबात नसतो आणि मंजिष्ठेला थोडा लागतो. चिमूटभर चुन्याची निवळी घातली, रंग नारिंगीकडून तांबड्याकडे वळला.

आच फार हळू. तासाभरात ६५ अंशांपर्यंत, मग तिथेच एक तास. आच जास्त झाली की तपकिरी छटा वर येते. थर्मामीटर नसेल तर बोट क्षणभरच बुडवता येईल एवढं गरम. सूत त्याच पाण्यात रात्रभर गार होऊ दिलं.

तांबडा हवा तसा उतरला, कुणबी लुगड्याच्या चौकडीतल्या तांबड्याच्या जवळ.

१६ जुलै

पिवळा. सुताराकडचा फणसाच्या गाभ्याचा भुसा, ३० ग्रॅम, सुताच्या दुप्पट. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचा भुसा वेगळा काढावा लागतो, त्यात रंग नाही. तासभर उकळून गाळलं, त्यात तुरटी दिलेलं १५ ग्रॅम सूत एक तास. मधासारखा गडद पिवळा.

१४ तारखेचं तांबडं सूत आजही ओलसर. ओसरीत पंख्याखाली, प्रत्येक लडी वेगळी, दिवसातून दोनदा फिरवून. लड्या एकमेकींवर राहिल्या की तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. चुलीच्या वर टांगून वाळवू नये. धुराचा वास बसतो आणि हिरड्यावर काजळी धरते.

२० जुलै

निळा. दोन लिटरचं भांडं: नीळ ४ ग्रॅम, विरवलेला चुना ८, फ्रुक्टोज (फळांतली साखर) १२. प्रमाण १:२:३. पाणी ४५ अंश. ढवळून झाकून दोन तास. वर तांबूस-जांभळा पापुद्रा आणि खाली पिवळसर हिरवं पाणी दिसलं की भांडं तयार. पाणी निळंच राहिलं तर साखर कमी किंवा गारठा जास्त. आज गारठाच होता, बाहेर धो-धो. भांडं गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवल्यावर तासात आलं.

ओलं सूत हळूच बुडवून दहा मिनिटं, बाहेर दहा मिनिटं. हिरवं बाहेर येतं आणि डोळ्यांदेखत निळं होतं. कितीही वेळा पाहिलं तरी हात थांबतो. बुडवताना हवेचे बुडबुडे आत जाऊ नयेत. चार बुड्या. शेवटी व्हिनेगरच्या पाण्यातून काढलं, चुन्याचा अंश गेला. ठिपक्यांची लडी पूर्ण झाकली गेली.

२३ जुलै

कोकमाच्या सालींनी उरलेला तुकडा रंगवून पाहिला, सुंदर गुलाबी. साबणाच्या पहिल्याच पाण्यात राखाडी. हळदीचंही तसंच: कुंकू हळदीला चुना लावूनच होतं, साबणातला क्षार तेच करतो, शिवाय उन्हात हळद उडते. बाळाच्या रोज धुवायच्या कपड्याला दोन्ही नकोत.

२७ जुलै

गंगाजमनी सूत: तांबडं एकेरी दोन पदर, देवकापसाचं पांढरं दोन पदर. ४६ मीटर भरलं. देवकापसाचा पीळ जास्त असल्याने तो पदर आखडतो आणि तांबडा त्याभोवती मण्यांसारखा उठतो. काठाला हेच हवं होतं. अंगभर विणायला नको, खरखरीत लागतं.

सुई ३ मिलिमीटर, निकेलचा मुलामा दिलेली. बांबूच्या सुईवर दमट कापूस अडतो, अॅल्युमिनियमची सुई पांढऱ्यावर करडी रेघ सोडते. धुऊन वाळवलेला नमुना: १० सेंटीमीटरला २८ टाके, ३८ ओळी. उसवून मोजलं, १०० चौ. सेंमी.ला १२.५ मीटर. ८ जूनचा अंदाज बरोबर.

२ ऑगस्ट

टोपडं. गंगाजमनीने ९० टाके, सहा ओळी सगळ्या सुलट. मग तांबड्या ८ ओळी, पांढऱ्या २, तांबड्या ८, पांढऱ्या २, असं ११ सेंटीमीटर. रंग दर वेळी तोडायचा नाही. दोन ओळींचा पांढरा धागा कडेने वर न्यायचा, दर चौथ्या ओळीला तांबड्याशी गुंतवून. ओढून नेला तर कड आखडते. कापूस ताणला जात नाही, लोकरीसारखी माफी नाही.

मागची बाजू: टाके ३०-३०-३० असे वाटले. मधले ३० विणत राहायचं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मधला शेवटचा टाका बाजूच्या पहिल्या टाक्याबरोबर एकत्र विणून वळायचं. ६० ओळींत दोन्ही बाजू संपतात आणि मागे वाटीसारखा खोलगट आकार येतो, मोज्याच्या टाचेसारखाच. इथे पिवळं वापरलं.

मानेला खालच्या कडेने चार ओळींमागे तीन टाके उचलले, मधल्या ३० सह ९२ झाले. पुढच्या ओळीत ७६ वर आणले. १ सुलट १ उलटचा काठ कापसात सैल पडतो, म्हणून सुलट टाका मागून विणला आणि सुई २.५ घेतली. हनुवटीचे बंद १८ सेंटीमीटरचेच. लांब नाडी बाळाच्या गळ्याशी नको, आणि झोपवताना टोपडं काढायचं.

८ ते १७ ऑगस्ट

अंगडं, समोर एकावर एक येणारं, एकाच तुकड्यात. पाठीला ७० टाके, १४ सेंटीमीटर (५३ ओळी). बाह्यांसाठी दोन्ही बाजूंना २०-२० टाके घातले, एकूण ११०. आणखी ३८ ओळी. मधले ३४ टाके गळ्यासाठी बंद, प्रत्येक खांद्याला ३८ उरले.

तिथून पुढची बाजू उलट क्रमाने खाली. गळ्याकडे एकाआड एक ओळीत १ टाका वाढवत १७ टाके, म्हणजे ५५. मग एकावर एक येण्यासाठी ८ नवे, ६३. ३८ ओळी झाल्यावर बाहीचे २० बंद, ४३ टाक्यांवर ५३ ओळी. दोन्ही पुढे मिळून ८६, पाठीपेक्षा १६ जास्त. तेवढा भाग छातीवर झाकला जातो.

एक चूक १३ तारखेला: डाव्या पुढच्या बाजूला पट्ट्यांचा क्रम खांद्यापासून मोजला, पाठीचा खालून. शिवण जुळवताना पांढऱ्या रेघा दोन ओळी खाली-वर. ३० ओळी उसवल्या. पट्टे असले की खांद्याच्या ओळीपासून दोन्हीकडे मोजावं, आणि पाठ विणताना खांद्याला कोणती ओळ येते ते आधीच लिहून ठेवावं.

बाह्यांच्या कडा निळ्या, गळा आणि समोरचा काठ गंगाजमनी. बंद तीन पदरी वेणीचे, चार नग, आतली जोडी डाव्या बगलेत. बटणं नाहीत.

२० ऑगस्ट

धुण्याआधी ओलं पांढरं कापड तांबड्या भागावर दाबून पाहिलं, फिकट गुलाबी डाग आला. तांबडं सूत रंगवल्यावर शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं नव्हतं. आता कोमट पाणी आणि सौम्य साबण, पाच पाणी, कपडा पाण्यात पडून राहू न देता. पाचव्याला कापडावर डाग नाही. पांढरं पांढरंच राहिलं.

पिळलं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबलं. सपाट पसरून मापाला ओढून घेतलं. ओला कापूस टांगला तर स्वतःच्या वजनाने लांबतो आणि तसाच राहतो.

२३ ऑगस्ट

पंख्याखाली तीन दिवसांनी कोरडं. अंगड्याची छाती बंद बांधून ५० सेंटीमीटर, उंची २४. टोपड्याची कडा ३२. कुठेही तिरकं नाही.

सूत गेलं: तांबडं १४१ मीटर, पांढरं ८२, पिवळं ५३, निळं ३१, गंगाजमनी ३८. तांबडं ४ मीटरच उरलं. पुढच्या वेळी तांबड्याचा वाटा ४० टक्क्यांवरून ४५ करायचा. निळं कमी केलं तरी चालेल. मंजिष्ठेच्या उरलेल्या पाण्यात १० ग्रॅम सूत फिकट नारिंगी निघालं आहे, ते पायमोज्यांना.